ल्यूथरन विश्वास, इतिहास आणि रीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या बहुतेक मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांची मुळे अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन, अँग्लिकन किंवा मेथडिस्ट कामात आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा त्यात ल्यूथरन मंडळ्या नव्हत्या. म्हणून मराठी ख्रिस्ती घरांत सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, पण ल्यूथरन उपासना फार थोड्यांनी पाहिलेली असते. खालचे प्रश्न या अंतरातूनच येतात.

ल्यूथरन शिकवणीचा गाभा थोडक्यात काय?

देव देतो, माणूस घेतो. ही दिशा उलटी होऊ द्यायची नाही, एवढे एक सूत्र धरले तर बाकीचे सगळे त्यातून उलगडत जाते. २५ जून १५३० रोजी सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर वाचलेल्या आऊग्सबुर्गच्या विश्वासांगिकारात, म्हणजे ल्यूथरनांनी आपला विश्वास मांडलेल्या मूळ पत्रात, २८ कलमे आहेत. त्यातली ४, ५ आणि ६ ही सलग वाचावीत. चौथे म्हणते की माणूस स्वतःच्या पुण्याईवर नव्हे, तर ख्रिस्तामुळे, विश्वासाच्या द्वारे, फुकट नीतिमान ठरतो. पाचवे म्हणते की हा विश्वास मिळावा म्हणून देवाने शुभवर्तमानाचा उपदेश आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कार नेमून दिले. सहावे म्हणते की अशा विश्वासाला चांगली फळे येतातच. क्रम महत्त्वाचा आहे. सहावे कलम चौथ्याच्या आधी ठेवले की माणूस पुन्हा आपल्या कर्मांचा हिशेब मांडत बसतो.

विश्वाससुद्धा आपली कमाई नाही. घरी शिकवण्यासाठी १५२९ मध्ये लिहिलेल्या लघु प्रश्नोत्तरावलीत प्रेषितांच्या मतांगीकाराच्या (ख्रिस्ती विश्वासाच्या जुन्या सूत्राच्या) तिसऱ्या भागाचा अर्थ सांगताना ल्यूथर लिहितो की मी माझ्या बुद्धीने किंवा बळाने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्यानेच मला शुभवर्तमानाच्या द्वारे बोलावले.

मग सत्कर्मांना काही किंमतच नाही का?

आहे, पण ती देवाच्या दरबारात चुकती करायची किंमत नव्हे. सत्कर्म शेजाऱ्यासाठी असते. देवाकडून सगळे आधीच मिळाले आहे, म्हणून हात मोकळे झाले आहेत, आणि ते हात ज्याला गरज आहे त्याच्याकडे वळतात. मराठी पवित्र शास्त्र ज्याला पाचारण म्हणते, ते देवाचे बोलावणे ल्यूथरने मठाच्या भिंतीबाहेर आणले. बाळाचे कपडे धुणारी आई, वजनात न मारणारा दुकानदार, शेत नांगरणारा शेतकरी हे सगळे पाचारणात उभे आहेत. लघु प्रश्नोत्तरावलीच्या शेवटी यासाठी कर्तव्यांचा एक तक्ताच दिला आहे: पाळक, अधिकारी, पती, पत्नी, आईवडील, मुले, नोकर, मालक, तरुण, विधवा, प्रत्येकासाठी शास्त्रातले एकेक वचन.

ल्यूथरने पंच्याण्णव सिद्धान्त खरोखरच चर्चच्या दारावर ठोकले का?

३१ ऑक्टोबर १५१७ या तारखेचे त्याचे पत्र उपलब्ध आहे. ते माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याला लिहिलेले असून सोबत सिद्धान्त जोडलेले होते. दारावर लावल्याचा उल्लेख त्याचा सहकारी मेलांक्थॉन याने ल्यूथरच्या मृत्यूनंतर केला. विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चचे दार विद्यापीठाच्या सूचना लावायची जागा होती, त्यामुळे ते अशक्य नाही. पण हातोडा उगारलेला बंडखोर हे चित्र पुढच्या काळाचे आहे.

वाद पापाच्या दंडातून सूट देणाऱ्या पत्रांचा होता. योहान टेट्झेल ती विकत फिरत होता. निम्मा पैसा रोममधल्या संत पेत्राच्या चर्चच्या बांधकामाला आणि निम्मा आल्ब्रेख्तने फुगर पेढीकडून काढलेल्या कर्जाच्या फेडीला जात होता. ल्यूथरचा पहिलाच सिद्धान्त पैशांबद्दल नाही. तो म्हणतो की विश्वासणाऱ्याचे सबंध आयुष्य पश्चात्तापाचे असावे, अशी ख्रिस्ताची इच्छा आहे.

जाता जाता: वर्म्सला सम्राटाच्या सभेत एप्रिल १५२१ मध्ये तो बोलला हे नक्की, पण “मी इथे उभा आहे” हे शब्द त्या दिवशीच्या नोंदीत नाहीत, नंतर छापलेल्या प्रतीत आहेत. “उद्या जग बुडणार असले तरी मी आज सफरचंदाचे झाड लावीन” हे वाक्य तर विसाव्या शतकाच्या आधी कुठेच सापडत नाही. उपदेशात ते ल्यूथरच्या नावावर घालू नये.

नियमशास्त्र आणि शुभवर्तमान यांत एवढा भेद कशासाठी?

कारण दोन्ही देवाचेच शब्द आहेत, पण कामे निराळी. नियमशास्त्र काय करायला हवे ते सांगते आणि आपण केले नाही हे दाखवते. शुभवर्तमान ख्रिस्ताने काय केले ते सांगते आणि ते देऊन टाकते. दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्ही निकामी होतात.

उपदेश तपासायची एक साधी रीत आहे. छापील उपदेश घ्या आणि क्रियापदांचा कर्ता कोण ते पाहा. “आपण प्रार्थना वाढवू या”, “तुम्ही पूर्ण समर्पण करा”, “मी निश्चय केला पाहिजे” अशीच वाक्ये शेवटपर्यंत असतील, तर येशूचे नाव वीस वेळा आले तरी तो नियमशास्त्राचाच उपदेश आहे. “ख्रिस्ताने तुझे पाप उचलले”, “देव तुला क्षमा करतो” इथे कर्ता बदलतो.

सगळ्यात जास्त बिघडते ते सांत्वनाच्या वेळी. अपराधाने खचलेल्या माणसाला “आणखी मनापासून प्रार्थना कर, मग शांती मिळेल” असे सांगितले जाते. त्याला त्याच्याच प्रार्थनेच्या दर्जाकडे पाहायला लावले, आणि नेमके तेच त्याला अपुरे वाटत असते. अमेरिकेतल्या सेंट लुईसमधले ल्यूथरन धर्मशिक्षक सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर यांनी १८८४ आणि १८८५ मध्ये विद्यार्थ्यांसमोर या एकाच विषयावर व्याख्यानमाला दिली. पाळकांच्या या चुका त्यांनी एकेक करून दाखवल्या. उलट चूकही होते: जो आपल्या पापात निवांत आहे त्याला घाईने क्षमा वाटणे. डिट्रिख बोनहॉफर या ल्यूथरन पाळकाने तिला स्वस्त कृपा म्हटले. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फ्लोसेनबुर्गच्या छावणीत फाशी दिले.

तुमची आठवी आज्ञा आमची नववी का?

हा गोंधळ मराठी मंडळ्यांत हमखास होतो, विशेषतः मुलांना वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकवताना. आज्ञा त्याच आहेत, मोजणी वेगळी. कॅथलिक आणि ल्यूथरन मूर्तींबद्दलचे वाक्य पहिल्या आज्ञेचाच भाग धरतात आणि लोभाच्या आज्ञेचे शेवटी दोन भाग करतात. रिफॉर्म्ड आणि अँग्लिकन परंपरा मूर्तींबद्दलची आज्ञा दुसरी धरतात आणि लोभाची एकच दहावी. म्हणून “खून करू नको” ल्यूथरनांची पाचवी, इतरांची सहावी. “खोटी साक्ष देऊ नको” ल्यूथरनांची आठवी, इतरांची नववी. पाठांतर घेताना आकडा न म्हणता आज्ञेचे शब्द म्हणायला लावले की प्रश्न मिटतो.

खोट्या साक्षीच्या आज्ञेचा ल्यूथरने दिलेला अर्थ जवळून पाहण्यासारखा आहे. शेजाऱ्याविषयी खोटे बोलू नये, त्याचा विश्वासघात किंवा चहाडी करू नये, एवढ्यावर तो थांबत नाही. त्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगले बोलावे, आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा होता होईल तो चांगला अर्थ लावावा. म्हणजे गप्प बसून ही आज्ञा पाळली जात नाही. मंडळीच्या कमिटीची बैठक सुरू होण्याआधी हे चार ओळींचे उत्तर मोठ्याने वाचावे, असे आम्ही मनापासून सुचवतो.

प्रभुभोजनात ल्यूथरन नेमके काय मानतात?

भाकर आणि द्राक्षारस यांच्यासोबत ख्रिस्ताचे खरे शरीर आणि खरे रक्त खायला-प्यायला दिले जाते. भाकरीचे रूपांतर होऊन भाकर उरत नाही, असे ते म्हणत नाहीत. ते नुसते स्मरण किंवा चिन्ह आहे, असेही म्हणत नाहीत. कसे, याचे तत्त्वज्ञान त्यांनी मांडले नाही. “हे माझे शरीर आहे” यातला “आहे” जसाच्या तसा राहू दिला.

ऑक्टोबर १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि झुरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली या प्रश्नावर समोरासमोर बसले. ल्यूथरने चर्चेच्या आधीच टेबलावर खडूने लॅटिनमध्ये “हे माझे शरीर आहे” असे लिहून वर मखमली कापड टाकले होते. वेळ येताच ते उचलून दाखवले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झाले. पंधराव्यातल्या या एका प्रश्नावर दोन प्रोटेस्टंट प्रवाह फुटले, ते फुटलेलेच राहिले.

व्यवहारात असे चालते. भाकर सहसा बिनखमिराची, पीठ आणि पाण्याची पातळ चकती. खमिराची भाकर निषिद्ध नाही. प्याल्यात द्राक्षारस असतो. पाळक स्थापनेची वचने, म्हणजे “हे माझे शरीर आहे” हे ख्रिस्ताचे शब्द, भाकर व प्याल्यावर मोठ्याने म्हणतो आणि प्रत्येकाला देताना “तुझ्यासाठी दिलेले” हे शब्द उच्चारतो. उरलेला द्राक्षारस मोरीत ओतत नाहीत. तिथेच पितात किंवा जमिनीत ओततात. चकत्या खाऊन संपवतात किंवा पुढच्या वेळेसाठी वेगळ्या जपून ठेवतात.

चूक कुठे होते? “या महिन्यात माझे मन शुद्ध नाही” म्हणून लोक मागे बसून राहतात. लघु प्रश्नोत्तरावली सांगते की उपास आणि शारीरिक तयारी ही चांगली बाह्य शिस्त आहे, पण खरा योग्य तो, ज्याचा “तुमच्यासाठी दिलेले” या शब्दांवर विश्वास आहे. भुकेल्याने भूक आहे म्हणून जेवण टाळायचे नसते. पाहुणे म्हणून जात असाल तर उपासनेआधी पाळकाशी बोला. काही ल्यूथरन मंडळ्या सर्व बाप्तिस्मा झालेल्यांना बोलावतात, काही शिकवणीत एकमत असलेल्यांनाच देतात.

तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा का? त्याला काही कळत नाही.

कळत नाही, हेच उत्तर आहे. घेणारा किती रिकाम्या हाताने येतो ते बाळाइतके स्पष्ट कुणीच दाखवत नाही. बाप्तिस्मा हा माणसाने देवाला दिलेला शब्द नाही, देवाने माणसाला दिलेला आहे. नुसते पाणी काही करत नाही. पाण्यासोबत आणि पाण्यात असलेले देवाचे वचन करते.

पाणी शिंपडले, ओतले किंवा बुडवले, तिन्ही चालते. सहसा डोक्यावर तीन वेळा ओततात, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. जीव धोक्यात असेल तर कोणीही ख्रिस्ती माणूस हॉस्पिटलात देऊ शकतो: साधे पाणी, बाळाचे नाव, आणि हेच शब्द. नंतर पाळकाला कळवून नोंद करावी. तो पुन्हा द्यायचा नसतो.

बिघाड होतो तो बाप्तिस्म्याचे बारसे झाल्यावर. केक कापला, फोटो काढले, आणि पुढची पंधरा वर्षे विषय बंद. ल्यूथरच्या मते बाप्तिस्मा रोज वापरायचा असतो: आपल्यातला जुना आदाम, म्हणजे पापी स्वभाव, रोज पश्चात्तापाने बुडवायचा. मोह आणि निराशेच्या वेळी “पण माझा बाप्तिस्मा झालेला आहे” असे म्हणायला तो दीर्घ प्रश्नोत्तरावलीत शिकवतो. झाला “होता” असे नाही, झालेला “आहे”.

पाळकाजवळ पापांगिकार? ही तर कॅथलिक रीत ना?

ल्यूथरने ती काढून टाकली नाही, तिच्यातली सक्ती काढली. सगळी पापे आठवून मोजायची अट गेली. ते कुणालाच शक्य नाही. मनाला बोचणारी एक-दोन सांगितली तरी पुरते, आणि शोधून शोधून पापे गोळा करून स्वतःला छळू नये, असे तो स्पष्ट लिहितो. भर दुसऱ्या भागावर आहे: पाळक डोक्यावर हात ठेवून क्षमा उच्चारतो, आणि ती देवाच्याच तोंडची मानायची. स्वतःच्या मनाने स्वतःला माफ करण्यात आणि दुसऱ्याच्या तोंडून बाहेरून ऐकण्यात फरक आहे, हे ज्याने रात्र जागून काढली आहे त्याला सांगावे लागत नाही. सांगितलेले पाळक कुणालाही, मंडळीच्या पंचांनाही, सांगत नाही.

क्रूसावरची ख्रिस्ताची मूर्ती, मेणबत्त्या, झगे हे प्रोटेस्टंट चर्चमध्ये कसे?

देवाने आज्ञाही केली नाही आणि मनाईही केली नाही, अशा गोष्टी मोकळ्या ठेवायच्या, हे ल्यूथरन धोरण आहे. १५२२ च्या सुरुवातीला ल्यूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला असताना विटेनबर्गमध्ये त्याचा सहकारी कार्लश्टाट याच्या पुढाकाराने मूर्ती हटवायला सुरुवात झाली. ल्यूथर परत आला आणि ९ मार्चपासून सलग आठ दिवस रोज उपदेश करून त्याने ती घाई थांबवली. दुबळ्या शेजाऱ्याला फरफटत नेऊन स्वातंत्र्य देता येत नाही, हा त्याचा मुद्दा होता.

मात्र नंतर एक महत्त्वाची पुरवणी आली. १५४८ मध्ये सम्राटाने जुन्या रीती बळाने लादल्या, तेव्हा प्रश्न पडला की मोकळी गोष्ट सक्तीची केली तर पाळायची का? १५७७ च्या एकमताच्या सूत्राने, या ल्यूथरन विश्वासपत्राने, दहाव्या कलमात उत्तर दिले: सत्य कबूल करायची वेळ असते तेव्हा अशा बाबतीतही नमते घ्यायचे नाही.

नाताळपूर्वीच्या आगमनकाळात दिसणारे चार मेणबत्त्यांचे वर्तुळही याच मोकळ्या गोष्टींतले. १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या अनाथ मुलांच्या घरात योहान हिनरिख विखर्नने गाडीच्या चाकावर वीस लहान आणि चार मोठ्या मेणबत्त्या लावल्या. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबरला होता: चार रविवार, वीस इतर दिवस. मुले नाताळ कधी येतो हे रोज विचारायची, त्यांना ते मोजून दाखवायची ही युक्ती होती.

ल्यूथरन म्हटले की संगीताचे नाव का निघते?

१५२४ मध्ये पहिले छोटे गीतपुस्तक निघाले, आठ गीतांचे; त्यातली चार ल्यूथरची. गीत लोकांच्या भाषेत, चाल सगळ्यांना एकदम उचलता येईल अशी: पहिली ओळजोडी, तीच चाल पुन्हा, मग वेगळी चाल. ४६ व्या स्तोत्रावरून केलेले त्याचे “आमचा देव बळकट गड” या आशयाचे गीत आजही ३१ ऑक्टोबरच्या आसपास सर्वत्र गायले जाते. नारायण वामन टिळकांची गीते ज्या मंडळीत म्हटली जातात तिला हे समजावून सांगायला नको. आपल्या मातीच्या छंदात म्हटलेला विश्वास तोंडात बसतो आणि म्हातारपणी, बाकी सगळे विसरले तरी, उरतो.

जर्मन संगीतकार बाख १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत लाइपझिगच्या संत थोमाच्या चर्चचा संगीतप्रमुख होता. त्याच्या सुमारे दोनशे उपासना-गीतरचना शिल्लक आहेत. साधारण वीस मिनिटांची अशी रचना शुभवर्तमानाच्या वाचनानंतर, उपदेशाच्या आधी होत असे. त्यामुळे ती मैफलीसारखी ऐकण्याआधी त्या रविवारचे वाचन वाचून घ्यावे. अर्धे संगीत तिथेच समजते.

भारतात ल्यूथरन केव्हा आले? मराठ्यांशी काही संबंध?

संबंध आहे, आणि तो महाराष्ट्रात नव्हे तर तंजावरात आहे. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठवलेले झीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाऊ हे दोन जर्मन मिशनरी ९ जुलै १७०६ रोजी तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरले. ती वसाहत डॅनिशांनी १६२० मध्ये तंजावरच्या नायकाकडून मिळवली होती. १७०६ मध्ये तंजावरच्या गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे होते, म्हणजे शिवाजी महाराजांचे पुतणे. झीगेनबाल्गला वसाहतीच्या डॅनिश गव्हर्नरनेच चार महिने कैदेत टाकले. सुटून त्याने काम चालू ठेवले. तमिळ नवा करार १७१५ मध्ये छापून पूर्ण झाला. १७१९ मध्ये तो वारला, वय ३६.

पुढच्या पिढीतला ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ १७५० मध्ये आला. तो तमिळसोबत मराठीही शिकला, कारण तंजावरच्या दरबाराची भाषा ती होती. १७८७ मध्ये तुळजाजीराजांनी मरण्यापूर्वी आपला दत्तक मुलगा सरफोजी याची काळजी श्वार्ट्झवर सोपवली. सरफोजीराजांचे शिक्षण त्याच्या देखरेखीखाली झाले. तेच सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे राजे. श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी वारला. सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले, तरी त्यांनी इंग्लंडचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक करवून घेतले आणि त्यासाठी स्वतः इंग्रजीत कविता रचली. मरणशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याला भेटायला आलेले राजे, असे ते शिल्प तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये आहे. तंजावरला गेलात तर राजवाडा पाहून परत फिरू नका.

या मिशनची काळी बाजूही सांगायला हवी: त्यांच्या चर्चमध्ये जातीनुसार वेगळे बसणे चालू दिले गेले. हातात गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय असताना ते चालले.

पुढे १८४२ मध्ये गुंटूरला अमेरिकन आणि १८४५ मध्ये रांचीला जर्मन ल्यूथरन काम सुरू झाले. भारतातले बहुसंख्य ल्यूथरन आज आंध्र, तमिळनाडू, झारखंड आणि ओडिशा या भागांत आहेत.

ल्यूथरने ज्यूंविरुद्ध लिहिले, त्याचे काय?

लिहिले. १५४३ मध्ये सभास्थाने आणि घरे जाळावीत इतक्या थराचे लिहिले, आणि नाझींनी ते वापरले. ते “त्या काळात असेच होते” म्हणून झाकता येत नाही. १५२३ मध्ये त्यानेच ज्यूंशी प्रेमाने वागावे असे लिहिले होते. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ल्यूथरन मंडळीने १९९४ मध्ये ते लिखाण जाहीरपणे नाकारले. ल्यूथरन माणूस ल्यूथरच्या प्रत्येक ओळीला बांधलेला नाही. तो बांधलेला आहे १५८० च्या एकमताच्या ग्रंथातल्या विश्वासांगिकारांना, आणि ही १५४३ ची पुस्तिका त्यात नाही.

कॅथलिकांशी वाद मिटला का?

काही अंशी. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आऊग्सबुर्गला ल्यूथरन जागतिक संघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. अमेरिकेतल्या मिसूरी सिनडसारख्या, या संघाबाहेरच्या ल्यूथरन मंडळ्यांनी ते मान्य केले नाही. एकत्र प्रभुभोजन अजून नाही.

मार्टिन ल्यूथर किंग ल्यूथरन होते का?

नाही, बॅप्टिस्ट होते. वडिलांनी १९३४ मध्ये जर्मनीचा प्रवास केल्यानंतर स्वतःचे आणि मुलाचे नाव बदलले.

घरी सुरुवात कशी करावी?

लघु प्रश्नोत्तरावलीपासून. १५२८ मध्ये सॅक्सनीच्या खेड्यांतल्या मंडळ्या तपासताना लोकांना, आणि पुष्कळ पाळकांनाही, प्रभूची प्रार्थनासुद्धा येत नाही असे ल्यूथरला दिसले. पुढच्याच वर्षी त्याने हे पुस्तक लिहिले. प्रस्तावनेत रीत दिली आहे. आधी दहा आज्ञा, मतांगीकार आणि प्रभूची प्रार्थना यांचे एकच भाषांतर निवडा आणि वर्षानुवर्षे शब्दही बदलू नका. मुले बदलत्या शब्दांनी गोंधळतात. मराठीत जुन्या आणि नव्या भाषांतरांमुळे हे फार घडते. शब्द पाठ झाल्यावर अर्थ शिकवा, एकेक तुकडा, घाई न करता. आणि ज्या घराला जे लागते तिथे जास्त थांबा: व्यापारी आणि कारागिरांत चोरीच्या आज्ञेवर.

“आमची रोजची भाकर” याचा अर्थ शिकवताना मुलांकडून यादी करवून घ्या. ल्यूथरच्या यादीत अन्न, कपडे, चपला-जोडे, घर, शेत, गुरे, पैसा, चांगला जोडीदार, चांगले सरकार, चांगले हवामान, आरोग्य, चांगले मित्र आणि विश्वासू शेजारी असे सगळे आहे. मुले त्यात पाऊस आणि वीज घालतील, घालू द्या.

सकाळी उठल्यावर क्रूसाची खूण करून मतांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि सकाळची छोटी प्रार्थना म्हणायची, मग एखादे गीत म्हणत आनंदाने कामाला लागायचे. सगळे मिळून पाच मिनिटे होतात. रात्री तेच, फक्त रात्रीच्या प्रार्थनेसह, आणि त्यापुढे पुस्तकात एवढीच सूचना आहे: लगेच, निर्धास्त मनाने झोपी जावे.